कमी फीत चांगलं काउन्सेलिंग: संस्था शोधायची कशी आणि फोनवर विचारायचं काय

तुमचा प्रश्न असा की बहिणीला गेले काही महिने झोप लागत नाही, सारखं रडू येतं, कामावर जावंसं वाटत नाही. एका खाजगी थेरपिस्टकडे दोन सेशन्स झाली, तिला जरा बरंही वाटत होतं पण फी झेपेना म्हणून बंद केलं. आता कोणीतरी सांगितलं की सामाजिक संस्थांमधे हेच कमी पैशात किंवा फुकट होतं, तर अशा संस्था शोधायच्या कशा, तिथे म्हणे शिकाऊ लोक बसतात मग त्याचा उपयोग होतो का, आणि तिला न सांगताच नाव नोंदवून टाकलं तर चालेल का. मी अशाच संस्थांमधे बरीच वर्षं काउन्सेलर म्हणून काम करतेय, इनटेक म्हणजे नवीन आलेल्या माणसाची पहिली भेट तीही घेते आणि आता शिकणाऱ्यांचं सुपरव्हिजन करते, त्यामुळे जरा सविस्तरच लिहिते.

सगळ्यात आधी हे तातडीचं आहे का ते बघा. ती "जगून काय करू", "मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल" असं काही बोलत असेल, दोन-तीन रात्री जवळजवळ डोळाच लागला नसेल, खाणंपिणं सुटलं असेल, कोणी नसताना आवाज ऐकू येतात म्हणत असेल तर संस्था शोधत बसू नका, थेट जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या. घाबरून गेलात तर आत्महत्या प्रतिबंध हेल्पलाइनला फोन करा, तो तुम्ही केलात तरी चालतो, ज्याला त्रास होतोय त्यानेच करायला हवा असं नाही. आणि आत्महत्येचा विचार येतो का हे तिला सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात ते भरतं अशी लोकांना भीती असते पण तसं होत नाही, उलट विचारणारं कोणीतरी आहे म्हटल्यावर माणूस बोलायला लागतं.

तसं काही नसेल तर नेहमीच्या डॉक्टरकडे जाऊन एकदा रक्त तपासून घ्या. थायरॉइड कमी काम करत असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल तर थकवा, उदासपणा, कशात मन न लागणं हे सगळं अगदी डिप्रेशनसारखंच दिसतं. तपासणीत काही निघालं तरी काउन्सेलिंग लागूच शकतं, पण नुसत्या बोलण्याने थायरॉइड बरा होत नाही.

आता मुख्य मुद्दा. संस्था शोधण्याआधी एक काम करा, ज्या थेरपिस्टकडे दोन सेशन्स झाली त्यांनाच फोन करून सरळ सांगा की फी झेपत नाही म्हणून थांबलो, आठवड्याला एवढं जमेल, कमी फीचा स्लॉट आहे का, नसेल तर तुम्ही अशा लोकांना कुठे पाठवता? खूप जण लाजेपोटी न सांगता गायब होतात. बऱ्याच थेरपिस्टनी काही जागा कमी फीसाठी ठेवलेल्या असतात पण त्या पाटीवर लिहिलेल्या नसतात, विचारणाऱ्याला मिळतात. आणि त्यांच्याकडे जागा नसली तरी भागातल्या चांगल्या संस्था कुठल्या हे त्यांना नेमकं माहीत असतं.

संस्था स्वस्तात देते म्हणजे तिथे कोणी उपकार करत नसतं. तुमच्या सेशनचे पैसे दुसरं कोणीतरी भरतंय, सरकारी अनुदान, देणगीदार, एखादी मोठी कंपनी, नाहीतर एखादं विद्यापीठ ज्यांना आपल्या विद्यार्थ्यांना प्रॅक्टिस द्यायची असते. हे कळलं की शोधायचं कसं तेही कळतं, कारण हा पैसा बहुतेक वेळा कुठल्यातरी ठराविक गटासाठी आलेला असतो. घरात मारहाण सोसणाऱ्या बायका, कॅन्सर पेशंट आणि त्यांच्या घरचे, जवळचं माणूस गेलेले लोक, दारूच्या व्यसनाने पोळलेली कुटुंबं, नुकत्याच बाळंत झालेल्या, कॉलेजची मुलं, स्थलांतरित, समलिंगी-ट्रान्सजेंडर लोक, दिव्यांग मुलांचे आईबाप. त्यामुळे नुसतं "स्वस्त काउन्सेलिंग" म्हणून शोधलंत तर सगळं जग जिथे रांग लावून बसलंय तीच दोन-चार नावं समोर येतील. एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, बायको जाऊन वर्ष झालेलं, आमच्या जनरल वेटिंग लिस्टवर त्यांचा नंबर महिनोन् महिने लागला नसता. मी विचारलं बायको शेवटी कुठे होती, तर म्हणाले हॉस्पिसमधे, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेतात त्या केंद्रात. अहो मग त्याच हॉस्पिसची दुःखात असलेल्या नातेवाइकांसाठीची सेवा आहे, फुकट आहे! त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून बहिणीच्या बाबतीत विचार करा की हे सुरू कधी झालं, आधी काय घडलं, बाळंतपण, कोणाचा मृत्यू, नवऱ्याचं व्यसन, नोकरीतला छळ, काहीही, आणि त्या प्रश्नावर काम करणारी संस्था शोधा.

ती नोकरी करते म्हणालात, तर कंपनीत कर्मचारी सहाय्य योजना म्हणजे ईएपी आहे का ते एचआरकडे विचारा. त्यात ठराविक सेशन्स फुकट असतात, बाहेरची एजन्सी देते आणि कोण काय बोललं हे कंपनीला कळवत नाहीत, पण ती सेशन्स संपल्यावर पुढे काय हे पहिल्या दिवशीच विचारून ठेवा. बाकी ठिकाणं म्हणजे सरकारी हॉस्पिटलचा मानसोपचार विभाग (तिथे औषध देणारे डॉक्टर असतातच पण बऱ्याच ठिकाणी सायकॉलॉजिस्ट आणि सोशल वर्करही असतात, गर्दी असते, सेशन छोटं होतं, पण असतात), विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागाची ट्रेनिंग क्लिनिक्स, महिला संस्थांची कुटुंब सल्ला केंद्रं, धर्मादाय संस्थांची केंद्रं. आणि यादी कोणाकडे मिळते? हॉस्पिटलमधल्या मेडिकल सोशल वर्करकडे. त्यांचं कामच पेशंटला हॉस्पिटलच्या बाहेरच्या सोयींशी जोडून देणं आहे, कुठली संस्था सध्या नवीन लोक घेतेय आणि कुठली नावापुरती उरलीय हे त्यांना ठाऊक असतं, इंटरनेटवरच्या याद्या बऱ्याचदा जुन्या असतात. हेल्पलाइनवाल्यांकडेही अशी यादी असते, फोन फक्त संकटातच करायचा असं नाही.

आता फोन. माझ्या अनुभवात लोक सगळ्यात जास्त इथेच अडतात, कारण फोन लावतात आणि म्हणतात "काउन्सेलिंगची चौकशी करायची होती", पलीकडून उत्तर येतं "सध्या वेटिंग आहे", "बरं ठीक आहे", संपलं. त्याऐवजी असं बोला, आणि कागदावर लिहून समोर ठेवा म्हणजे गडबड होत नाही: "बहिणीसाठी विचारतोय, वय अमुक, चार महिन्यांपासून झोप नाही, उदास असते, कामावर जाणं अवघड झालंय, जिवाला धोका सध्या नाही. तुमच्याकडे फी उत्पन्नावर ठरते का? आम्हाला एका सेशनचे एवढेच जमतील. वेटिंग साधारण किती आठवड्यांचं आहे, कोणी ऐनवेळी रद्द केलं तर बोलावता का? दुपारची वेळ चालेल. आणि तुमच्याकडे जमणार नसेल तर कुठे विचारू?" या चार-पाच वाक्यांनी पलीकडच्या माणसाचं काम सोपं होतं आणि तो तुम्हाला ठेवतो कुठे हेही बदलतं. दुपारची वेळ मुद्दाम सांगितली कारण संध्याकाळ आणि शनिवार सगळ्यांनाच हवा असतो, दुपारच्या जागा त्या मानाने लवकर मिळतात.

फी उत्पन्नावर ठरते त्याला स्लायडिंग स्केल म्हणतात. घरात कमावणारे किती, खाणारी तोंडं किती, कर्ज किंवा आजारपण आहे का हे विचारतात, कुठे पगाराची स्लिप मागतात, कुठे नुसतं तोंडी चालतं. लाजून उत्पन्न जास्त सांगू नका, खरंच सांगते असे लोक असतात, चार सेशन्स ओढूनताणून भरतात आणि पाचव्याला येतच नाहीत. ठरलेली फी म्हणजे दगडावरची रेघ नाही, नोकरी गेली, पगार थांबला तर परत ठरवा म्हणून सांगता येतं. आणि सेशनच्या फीशिवाय काय काय लागतं ते आधीच विचारा, पहिल्या भेटीचे वेगळे घेतात का, टेस्ट केल्या तर त्याचे किती, न सांगता चुकवलं तर दंड आहे का.

वेटिंग लिस्टवर नाव घातलं की बसून राहू नका, दोन-तीन ठिकाणी घाला, ते गैर नाही, फक्त एके ठिकाणी सुरू झालं की बाकीच्यांना कळवा म्हणजे ती जागा दुसऱ्याला मिळेल. दर दोन आठवड्यांनी एक फोन करा. आणि अनोळखी नंबर उचला! हे फार क्षुल्लक वाटतं पण संस्थेतून एकदा-दोनदा फोन येतो, उचलला नाही तर नाव खाली जातं किंवा कटतं, आणि उदास माणूस नेमका फोन उचलत नाही. म्हणून दुसरा नंबर तुमचा द्या. घरात सगळ्यांना माहीत नसेल तर फोनवर संस्थेचं नाव घेऊ नका असं सांगून ठेवता येतं, आम्हाला त्याची सवय असते.

काही ठिकाणी आधी एकट्याच्या सेशनऐवजी ग्रुप देतात नाहीतर फोनवर मार्गदर्शन करून स्वतः करायचा छोटा कोर्स देतात, लोकांना वाटतं टाळतायत. इंग्लंडमधे सरकारी आरोग्यसेवेतला टॉकिंग थेरपीचा कार्यक्रम २००८ पासून याच पद्धतीने चालतो, त्रास सौम्य ते मध्यम असेल तर आधी हलकी मदत, नाही पुरली तर पुढची पायरी. त्यामुळे मिळालं ते घ्या, फक्त "याने नाही झालं तर पुढे काय" एवढं विचारून घ्या.

पहिल्या भेटीबद्दल बहिणीला आधीच सांगून ठेवा, कारण निम्मी निराशा तिथेच होते. इनटेक ही थेरपी नसते. फॉर्म भरतात, घरात कोण कोण, पूर्वी काही उपचार, औषधं, दारू-तंबाखू, मार खाल्लाय का, मरावंसं वाटतं का, असे एकामागोमाग एक प्रश्न, आणि कधी कधी भेट घेणारी व्यक्ती वेगळी आणि पुढे मिळणारा काउन्सेलर वेगळा. माणूस जीव मुठीत धरून येतं आणि "नुसते प्रश्न विचारले, कोणी ऐकलंच नाही" म्हणून परत येत नाही. बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ नावाचा कागद देतात, नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती दिवस झाला, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण सत्तावीस, साधारण दहा किंवा त्याहून जास्त झालं की निदान मध्यम डिप्रेशन धरतात. नववा प्रश्न मरण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. मी समोर बसून बघते ना, आठ प्रश्नांपर्यंत पेन सरळ चालतं, नवव्याला थांबतं, एकदा माझ्याकडे बघतात आणि "अजिबात नाही"वर टिक करतात. भीती असते की खरं लिहिलं तर ॲडमिट करतील किंवा घरी सांगतील. तसे विचार येणं आणि तसं करायचं ठरवलेलं असणं यात खूप फरक आहे आणि तो आम्हाला कळतो, नुसता विचार लिहिला म्हणून कोणी उचलून नेत नाही. उलट कमी लिहिलं की तुम्ही कमी गरजेच्या रांगेत जाता. तिला सांगा, पाहुण्यांना सांगतो तसं "बरं चाललंय" इथे सांगायचं नाही, सगळ्यात वाईट दिवस कसा जातो ते सांगायचं.

शिकाऊंबद्दल मला मनापासून सांगायचंय कारण तुमच्यासारखी शंका मी रोज ऐकते. विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या ट्रेनीने बहुतेक वेळा या विषयातली पदवी घेतलेली असते किंवा घेत असते, आणि त्याच्या कामावर अनुभवी माणसाचं लक्ष असतं. माझ्याकडच्या ट्रेनी दर आठवड्याला बसून प्रत्येक केस माझ्यासमोर मांडतात, क्लायंटने परवानगी दिली असेल तर रेकॉर्डिंग ऐकतो, अमुक वाक्यानंतर तू विषय का बदललास इथपर्यंत बोलतो. खाजगीत एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या माणसाचं सेशन असं कोणी तपासत असेलच असं नाही. एक ट्रेनी आठ-दहा केसेस घेते आणि एकेका केसचा अभ्यास करून येते, तेवढा वेळ दिवसाला सात माणसं बघणाऱ्याकडे नसतो.

आणि पदवीसुद्धा नसलेल्या पण नीट ट्रेनिंग आणि सुपरव्हिजन मिळालेल्या लोकांनी काय होतं याचे चांगले अभ्यास झालेत. झिंबाब्वेमधे मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांदा यांनी २००६ च्या सुमाराला हरारेमधे फ्रेंडशिप बेंच सुरू केलं, आरोग्य केंद्राच्या आवारात एक बाक आणि त्यावर ट्रेनिंग घेतलेल्या आजीच्या वयाच्या आरोग्यसेविका. २०१६ साली त्याच्या चाचणीचे निष्कर्ष आले, सहा महिन्यांनी बाकावर बोललेल्या गटात डिप्रेशनची लक्षणं १४ टक्क्यांच्या आसपास लोकांमधे उरली होती, नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ५० टक्क्यांच्या आसपास. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमधे असाच अभ्यास झाला, तो २०१७ मधे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, काउन्सेलर सगळे साध्या लोकांमधून निवडून तयार केलेले, सहा ते आठ सेशन्स, मुख्य भर कशावर तर बंद पडलेल्या रोजच्या गोष्टी थोड्या थोड्या परत सुरू करण्यावर. तीन महिन्यांनी ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आलेले, फक्त नेहमीचे उपचार घेतलेल्या गटात ३९ टक्के. तेव्हा "शिकाऊ" हा शब्द ऐकून मागे फिरू नका.

पण ट्रेनीला तीन गोष्टी नक्की विचारा, त्या विचारणं अपमान नाही, चांगल्या ट्रेनीला बरंच वाटतं. तुमचं सुपरव्हिजन कोण करतं आणि कितीदा, तुम्ही इथे कधीपर्यंत आहात, आणि तुम्ही गेल्यावर मी कोणाकडे. दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण ट्रेनिंगचं वर्ष संपलं की त्या जातात आणि तिला मधेच सोडून दिल्यासारखं वाटायला नको. बायपोलर, भ्रम-भास, खाण्याचे गंभीर आजार, लहानपणीचं लैंगिक शोषण असं काही असेल तर मात्र अनुभवी माणूसच मागा. आणि औषध फक्त डॉक्टरनेच लिहायचं आणि डॉक्टरनेच थांबवायचं, कुठल्याही काउन्सेलरने "गोळ्या बंद करा" म्हटलं तर तिथून उठा. तसंच बरं करण्याची गॅरंटी देणारे, वीस सेशन्सचं पॅकेज आगाऊ मागणारे, दुसऱ्या क्लायंटच्या गोष्टी नावानिशी सांगणारे, श्रद्धेची अट घालणारे, यांच्याकडे फी शून्य असली तरी नको. बऱ्याच देशांत काउन्सेलर ही पाटी कोणीही लावू शकतो, म्हणून शिक्षण आणि नोंदणी विचारा.

गुप्तता हाही प्रश्न असतोच. कन्सेंट फॉर्म म्हणजे संमतीपत्र, ते सही करायच्या आधी वाचा, जिवाला धोका, लहान मुलांवर अत्याचार, कोर्टाचा आदेश अशा ठराविक प्रसंगी माहिती द्यावी लागते, ते त्यात लिहिलेलं असतं. अनुदान देणाऱ्याला साधारणपणे किती माणसं, कुठल्या वयाची एवढाच हिशोब जातो, तरी "माझं नाव कुठे जातं" हे विचारायचा तिला हक्क आहे.

संस्थेत बहुतेक वेळा सेशन्स मोजकी असतात, सहा, आठ, बारा. म्हणून पहिल्याच सेशनला किती आहेत ते विचारून त्या हिशोबाने एकच गोष्ट धरायला सांगा, तुमच्या बहिणीच्या बाबतीत झोप आणि कामावर जाणं यावर पुष्कळ काही होऊ शकतं, लहानपणापासूनचं सगळं उलगडायला ते पुरणार नाही. सुरुवातीची तीन-चार आठवड्याला एक घेऊन पुढची पंधरा दिवसांनी घेतली तर तेवढ्याच सेशन्समधे जास्त महिने आधार राहतो, हे मागितलं तर बऱ्याच ठिकाणी देतात. घरी करायला सांगितलेलं थोडं का होईना करायचं. आणि तीन सेशन्सनंतरही त्या व्यक्तीशी मोकळं बोलता येत नसेल तर संस्थेत सांगून बदलून घ्या, काउन्सेलर आणि क्लायंटचं जमणं याचा गुण येण्याशी जवळचा संबंध आहे हे कितीतरी अभ्यासांत दिसलंय. "माझं यांच्याशी नीट जुळत नाहीये, दुसरं कोणी मिळेल का" एवढं वाक्य पुरतं, कोणी राग धरत नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, तिला न सांगता नाव नोंदवू का. नको. चौकशी तुम्ही करा, जरूर करा, फी, वेटिंग, वेळा सगळं काढून ठेवा, पण सज्ञान माणसाच्या नावाने त्याच्या परवानगीशिवाय बहुतेक संस्था फाइल उघडतच नाहीत, आणि उघडली तरी "सगळ्यांनी मिळून माझं ठरवलं" असं तिला वाटलं की ती पहिल्या भेटीला गप्प बसेल. तिला दोन पर्याय दाखवा, यातलं कुठलं बघूया असं विचारा, फोन ती लावत असताना शेजारी बसा, पहिल्या दिवशी सोबत जा आणि बाहेर थांबा. ती दोन सेशन्सना स्वतःहून गेली होती आणि तिला बरं वाटत होतं म्हणालात, म्हणजे तिला हे नको नाहीये, बहुधा पैशांचं ओझं तुमच्यावर नको म्हणून थांबली असेल, तेव्हा बोलताना फीपासूनच सुरुवात करा. तरीही नाहीच म्हणाली तर तुम्ही स्वतः एकदा अशा संस्थेत जाऊन बसा, घरच्या माणसांनाही वेळ देतात, तिच्याशी कसं बोलायचं, काय टाळायचं आणि कुठल्या खुणा दिसल्या तर थांबायचं नाही हे तिथे नीट समजावून सांगतील, आणि तुमची झोपही गेलीच असेल ना इतक्या महिन्यांत, तेही बोला.